टीव्ही स्मार्ट आहे, पण कोणाच्या फायद्यासाठी?

रात्री झोप पुरत नाही. जेवणानंतरची साखर काही केल्या खाली येत नाही. दोन वर्षांचं मूल टीव्ही लावल्याशिवाय घास घेत नाही. आजोबा टीव्हीचा आवाज इतका वाढवतात की शेजारी कुरकुर करतात आणि तरीही त्यांना संवाद कळत नाहीत. या तक्रारी वेगवेगळ्या घरांतल्या आहेत. पण जरा खोलात जाऊन चौकशी केली की अनेक घरांत हॉलच्या भिंतीवरची एकच वस्तू समोर येते.

त्यावर आम्हा डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असतं: "टीव्ही कमी बघा." तुम्ही मान डोलावता, चार दिवस पाळता आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग खापर तुमच्या इच्छाशक्तीवर फुटतं. माझं म्हणणं असं आहे की यातला मोठा दोष त्या वस्तूचा आहे. आजचा स्मार्ट टीव्ही सुरू करायला सोपा, चालू ठेवायला त्याहून सोपा आणि थांबवायला अवघड असा बनवलेला आहे. तो याहून चांगला बनवता येतो. त्यासाठी लागणारं तंत्र आजही बाजारात आहे. फक्त ते आपण मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

आधी टीव्हीवरचे खोटे आरोप काढून टाकू

टीव्ही पाहिल्याने डोळे "खराब" होतात, असं घरोघरी सांगितलं जातं. ते तसं नाही. एकटक बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडदा असला तर डोळ्यांवर ताण येतो आणि डोकंही दुखतं. हा त्रास विश्रांतीने जातो. मुलांमध्ये मायनस नंबर वाढण्याचा संबंध जवळून बघण्याच्या कामाशी आणि बाहेर उन्हात न खेळण्याशी जास्त आहे. त्या दृष्टीने आठ-दहा फुटांवरचा टीव्ही हा नाकासमोर धरलेल्या मोबाइलपेक्षा बराच बरा. शिवाय टीव्हीवर मूल काय बघतंय, हे घरातल्या सगळ्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना टीव्हीची सोबत असते. मुलं पुण्याला किंवा परदेशात, गुडघे दुखतात म्हणून बाहेर जाणं बंद, अशा वेळी घरात माणसाचा आवाज ऐकू येतो तो टीव्हीतूनच. ही सोबत मी कोणाकडून काढून घ्यायला सांगणार नाही. उलट ती नीट मिळावी, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

न थांबणारा टीव्ही

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळात रात्री ठरावीक वेळी प्रक्षेपण संपायचं आणि टीव्ही बंद करण्यावाचून पर्याय नसायचा. नंतर चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या. तरी मालिका अर्ध्या तासाची असायची, पुढचा भाग उद्या असायचा आणि मध्ये जाहिराती लागल्या की माणूस निदान पाणी प्यायला उठायचा. थांबण्याच्या जागा कार्यक्रमातच होत्या.

आता त्या जागा काढून टाकल्या आहेत. एक भाग संपतो, कोपऱ्यात काही सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते आणि तुम्ही काहीच केलं नाहीत तर पुढचा भाग आपोआप लागतो. यालाच ऑटोप्ले म्हणतात. म्हणजे बघत राहायचं असेल तर काही करावं लागत नाही, थांबायचं असेल तर रिमोट शोधून बटण दाबावं लागतं. रात्री अकरा वाजता, दिवसभर दमलेल्या माणसाचा निर्णय त्याच्या वतीने यंत्र घेतं. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्स यांनी २०१७ मध्ये उघडपणे सांगितलं होतं की आपली स्पर्धा प्रेक्षकांच्या झोपेशी आहे. त्यांनी तरी प्रामाणिकपणे सांगितलं म्हणायचं.

झोप या स्पर्धेत हरते तेव्हा शरीरात काय होतं? प्रौढ माणसाला साधारण सात तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडला तर मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक कमी तयार होतं. पण टीव्ही लांब असतो, त्यामुळे त्याच्या उजेडापेक्षा मोठी चोरी वेळेची आहे. सकाळी उठण्याची वेळ बदलत नाही. मुलांची शाळा, डबा, नळाचं पाणी, सातची लोकल कोणासाठी थांबत नाही. मग रात्रीचा दीड तास सरळ झोपेतून वजा होतो. अशी झोप रोज तुटली की भूक वाढते, इन्सुलिनचं काम मंदावतं, रक्तदाब चढतो, चिडचिड वाढते. औषधाची गोळी वाढवून हा हिशेब पुरा होत नाही.

बसण्याचंही तसंच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते. पण आपल्याकडे रात्रीचं जेवणच टीव्हीसमोर होतं. पडद्याकडे बघत जेवताना पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, दोन घास जास्त जातात आणि जेवल्यावर ताट बाजूला सारून तिथेच पुढचे दोन तास. मधुमेहाच्या पेशंटसाठी दिवसातली ही सगळ्यात वाईट वेळ असते.

"ऐकू येतं, पण कळत नाही"

वय झालेल्या पेशंटची ही तक्रार शब्दशः खरी असते. वाढत्या वयात कानाची उंच स्वर ऐकण्याची क्षमता आधी कमी होते. स्वर म्हणजे अ, आ, ओ हे खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. स, श, च, त, फ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली, ती निसटतात. "पास", "पाच", "पात", "पाट" हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. मधला "आ" चारही शब्दांत तोच, फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा. ते व्यंजन निसटलं की चारही शब्द सारखेच. म्हणून आजोबांना कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

आता टीव्हीने यात काय भर घातली ते पाहा. संच पातळ करण्याच्या नादात स्पीकर इतके लहान झाले की ते बऱ्याच संचांत खाली किंवा मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून मग तुमच्यापर्यंत येतो. त्यावर मालिकांचं दणदणीत पार्श्वसंगीत. आवाज वाढवला की संगीतही तेवढंच वाढतं आणि संवाद पुन्हा त्याखाली दबतो. घरात रोज "आवाज कमी करा हो बाबा" म्हणून वाद होतात, त्यात बाबांचाही दोष नसतो आणि सुनेचाही.

यावरचा उपाय अनेक संचांत आधीपासून आहे. बोलण्याचा आवाज उठावदार करून बाकीचा मागे ढकलणारी सोय असते. कोणी तिला क्लिअर व्हॉइस म्हणतं, कोणी डायलॉग एन्हान्समेंट. पण ती मेन्यूच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, बहुधा इंग्रजी नावाने पुरलेली असते. जिला तिची सगळ्यात जास्त गरज आहे, ती सत्तर वर्षांची बाई तिथपर्यंत कधीच पोहोचत नाही. पडद्यावर संवाद अक्षरांत दाखवण्याचंही तेच. श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये टीव्ही कार्यक्रमांची मानकं जाहीर केली. तरी मराठी मालिकेखाली मराठी अक्षरं आजही सहज मिळत नाहीत.

रिमोट कोणासाठी बनवलाय?

घरातला रिमोट हातात घ्या आणि नीट बघा. ओटीटी कंपन्यांची नावं छापलेली चार-पाच बटणं दिसतील. ती तुमच्या सोयीसाठी दिलेली नाहीत, ती विकलेली जागा आहे. रिमोटवर आपलं बटण यावं म्हणून या कंपन्या टीव्ही बनवणाऱ्यांना पैसे देतात. आता त्याच रिमोटवर "अर्ध्या तासाने बंद हो" असं बटण शोधा. "बोलणं स्पष्ट कर" असं बटण शोधा. "मी काल बघत होते तीच वाहिनी लाव" असं बटण शोधा. बहुतेक रिमोटवर ती नसतील. या एका वस्तूवरून टीव्हीचा खरा गिऱ्हाईक कोण, ते समजतं.

याचा सगळ्यात जास्त जाच वृद्धांना होतो. वीज जाऊन आली की टीव्ही वाहिनीवर न येता मुखपृष्ठावर उघडतो. तिथे सेट-टॉप बॉक्सचा रिमोट काही कामाचा नसतो, टीव्हीचा रिमोट घेऊन पुन्हा योग्य जागी जावं लागतं. त्यातच एखाद्या रात्री अपडेट येतो आणि कालपर्यंत डावीकडे असलेलं चित्र उजवीकडे जातं. विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या माणसाला नवीन गोष्ट शिकणं कठीण जातं, पण वर्षानुवर्षं हाताला बसलेली सवय बराच काळ टिकते. तीच सवय हे बदल मोडून टाकतात. नातू शाळेतून येईपर्यंत आजी काळ्या पडद्यासमोर बसून राहते. तिला वाटतं, आपलीच बुद्धी चालत नाही. हे ऐकलं की मला खरोखर राग येतो. बुद्धी कमी पडली आहे ती हे मुखपृष्ठ बनवणाऱ्यांची.

लहान मुलं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढं चांगलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको, असंच सांगते. अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा.

कारण साधं आहे. मूल भाषा शिकतं ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून, त्याच्या बोलण्याला उत्तर देऊन. टीव्ही चालू असला की मूल तो बघत नसलं तरी मोठी माणसं त्याच्याशी कमी बोलतात. आणि टीव्ही बघत भरवलेल्या मुलाला भूक आणि पोट भरणं यांची ओळखच होत नाही.

मग टीव्हीत मुलांसाठी वेगळी सोय असते ना? असते. पण ती मुख्यतः काय बघायचं ते ठरवते, किती वेळ बघायचं ते नाही. एक बालगीत संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. वेळेची मर्यादा घालण्याची सोय काही संचांत असते, तीही शोधावी लागते आणि पासवर्ड घालून चालू करावी लागते. चालू असणं हे गृहीत धरलेलं, बंद होणं हा अपवाद. खरं तर हे उलट असायला हवं.

तुम्ही टीव्ही बघता, टीव्ही तुम्हाला

अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या टीव्ही कंपनीवर २०१७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. सुमारे १ कोटी १० लाख संचांमधून, लोकांची नीट संमती न घेता, पडद्यावर काय चाललंय याची माहिती गोळा केली जात होती. कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पडद्यावरचं चित्र ओळखून माहिती पाठवणारी ही यंत्रणा आज अनेक कंपन्यांच्या संचांत असते. पहिल्यांदा टीव्ही लावताना आपण सगळीकडे "मान्य आहे" दाबत जातो, तेव्हा तिलाही परवानगी दिली जाते.

डॉक्टरने यात का पडावं? कारण तुम्ही किती वाजेपर्यंत जागता, कोणत्या आजाराचे व्हिडिओ बघता, मूल काय बघतं, ही तुमच्या घरातली खासगी माहिती आहे. ती जाहिराती विकायला वापरली जाते. माझ्या केबिनमधली माहिती मी बाहेर सांगितली तर तुम्ही मला जाब विचाराल. मग भिंतीवरच्या यंत्राला तो का विचारायचा नाही?

"पण बटण तर आपल्याच हातात आहे ना?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. संयम हवाच, ते मी नाकारत नाही. पण आपण बाकी वस्तूंना हा न्याय लावत नाही. प्रेशर कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. "लक्ष ठेवून शिजवा" म्हणून कोणी तो काढून टाकत नाही. पाणी तापलं की गिझर आपोआप बंद होतो. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना सीट बेल्टची आठवण करून देणारा आवाज सक्तीचा झाला, ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की इशारा देणंही सक्तीचं झालं. चालकाच्या हातात स्टिअरिंग आहे म्हणून ते नको, असं कोणी म्हटलं नाही. माणूस दमतो, विसरतो, मोहात पडतो, हे गृहीत धरून चांगली वस्तू बनवतात. टीव्हीवाल्यांनाही माणूस दमतो आणि मोहात पडतो हे चांगलंच ठाऊक आहे. त्यांनी ते ज्ञान आपल्या विरोधात वापरलं आहे.

टीव्ही कसा असायला हवा?

माझ्या मागण्या पाच आहेत आणि एकीलाही नवा शोध लागत नाही.

१. ऑटोप्ले मुळात बंद असावा. ज्याला हवा त्याने चालू करावा. भाग संपला की पडदा थांबावा आणि वाट बघावी.

२. रिमोटवर झोपेचं एक बटण असावं. एकदा दाबलं की अर्ध्या तासाने उजेड आणि आवाज हळूहळू कमी होऊन टीव्ही बंद व्हावा.

३. रिमोटवर "स्पष्ट बोलणं" आणि "अक्षरं" अशी दोन बटणं असावीत. स्पीकरचं तोंड बघणाऱ्याकडे असावं. संच अर्धा इंच जाड झाला तरी चालेल.

४. साधं मुखपृष्ठ निवडता यावं. मोठी मराठी अक्षरं, घरच्यांनी ठरवलेल्या पाच-सहा वाहिन्या, जाहिरात नाही आणि कोणत्याही अपडेटने जागा बदलणार नाही. वीज आली की शेवटची वाहिनीच लागावी.

५. मुलांच्या सोयीत वेळेची मर्यादा आधीपासून घातलेली असावी आणि माहिती गोळा करण्याची यंत्रणा आधीपासून बंद असावी.

तोपर्यंत आज रात्री काय कराल?

ऑटोप्ले बंद करा. यूट्यूबमध्ये ते सेटिंग्जमध्ये मिळतं. काही ओटीटी सेवांमध्ये मात्र फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या खात्यात जावं लागतं. सेटिंग्जमध्ये स्लीप टायमर शोधा आणि रोज झोपण्याच्या वेळेआधी अर्धा तास टीव्ही बंद होईल असा लावा. चित्राचा प्रकार व्हिव्हिड किंवा डायनॅमिक असेल तर तो सिनेमा किंवा मूव्ही करा, डोळ्यांना लगेच फरक जाणवेल. खोलीत मंद दिवा चालू ठेवा.

घरात कोणाला ऐकायला त्रास असेल तर आवाजाच्या सेटिंग्जमध्ये बोलणं स्पष्ट करणारी सोय चालू करा. छोटा साउंडबार किंवा आजोबांच्या खुर्चीजवळ ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर हाही चांगला उपाय आहे. पण त्याबरोबर कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओग्राम, जरूर करून घ्या. उपचार न केलेला बहिरेपणा माणसाला एकटं पाडतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये त्याची गणना होते. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज ही बऱ्याचदा त्याची पहिली खूण असते.

जेवताना टीव्ही बंद. हे मुलांसाठी आहे तसंच मधुमेह असलेल्या आजोबांसाठीही. दोन भागांच्या मध्ये उठून घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं चाला.

आणि दसरा-दिवाळीत नवीन टीव्ही घ्यायला जाल तेव्हा किती इंची, किती के, एवढंच विचारू नका. "झोपेचा टायमर किती बटणांत लागतो? बोलणं स्पष्ट करायची सोय कुठे आहे ते दाखवा. मेन्यू मराठीत होतो का? माहिती पाठवणं बंद कसं करायचं?" हे चार प्रश्न विचारा आणि विक्रेत्याला तुमच्यासमोर ते करून दाखवायला लावा. त्याला जमलं नाही तर तुमच्या आईला घरी जमणार नाही, हे तिथेच समजा आणि पुढच्या संचाकडे वळा. एका दुकानात एका दिवसात दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं तर अकराव्यासाठी उत्तर तयार असेल. कंपनीपर्यंत बातमी अशीच पोहोचते.